घरात ठेवलेल्या बोन्साय वृक्षाचे पुनरुज्जीवन : कारणमीमांसा व उपाययोजना

सारांश

शहरी घरांतून शोभेसाठी ठेवलेले बोन्साय वृक्ष काही महिन्यांतच कोमेजतात, पाने गाळतात आणि पुष्कळदा मरतात. यास बहुतेक वेळा निष्काळजीपणा कारणीभूत नसून चुकीच्या क्रमाने घेतलेली काळजी कारणीभूत असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील घरांत सर्वाधिक आढळणाऱ्या वड-नांद्रुक कुळातील बोन्सायचे उदाहरण समोर ठेवून झाडाच्या ऱ्हासाची कारणे, रोगनिदानाची पद्धत आणि पुनरुज्जीवनाचे टप्पे यांचे विवेचन केले आहे. प्रकाश, पाणी, मुळे, कीड, खत आणि आकार या क्रमाने उपाय केल्यास झाड वाचण्याची शक्यता वाढते, हे येथे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : बोन्साय, वामनवृक्ष, नांद्रुक, मूळकूज, प्रकाशसंश्लेषण, पुनरुज्जीवन

प्रस्तावना

'बोन्साय' हा जपानी शब्द 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लागवड या दोन शब्दांपासून तयार झाला आहे. या कलेचे मूळ चीनमधील 'पेन्जिंग' परंपरेत आहे. तांग राजवटीतील राजपुत्र झांगहुआय याच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भित्तिचित्रांत पात्रांतून लहान झाडे नेणारे सेवक दाखविलेले आढळतात. पुढे जपानने ही कला आत्मसात करून तिला स्वतंत्र रूप दिले. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतील काही बोन्साय व्यावसायिक सायतामा प्रांतातील ओमिया येथे स्थलांतरित झाले व १९२५ मध्ये तेथे बोन्सायचे गाव वसले. मराठीत या कलेला 'वामनवृक्षकला' असेही म्हटले जाते.

या सर्व परंपरेत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे झाड मोकळ्या हवेत वाढविले जाते. जपानी घरात बोन्साय पाहुण्यांसमोर मांडण्यासाठी थोड्या काळापुरते आत आणले जाते आणि नंतर पुन्हा अंगणात किंवा मांडणीवर ठेवले जाते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टीपॉयवर बारमाही ठेवण्याची वस्तू ही बोन्सायची ओळख अलीकडच्या भेटवस्तूंच्या बाजारपेठेने निर्माण केलेली आहे. झाडाच्या ऱ्हासाची सुरुवात या गैरसमजातच होते.

बोन्सायविषयी आपल्याकडे आणखी एक आक्षेप घेतला जातो. झाडाला खुजे ठेवणे म्हणजे त्याचा छळ करणे होय, अशी अनेकांची भावना असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता बोन्सायमध्ये झाडाचे आनुवंशिक गुण बदलत नाहीत. मुळांची मर्यादित जागा, नियमित छाटणी आणि शेंडे खुडणे यांमुळे त्याची वाढ सीमित राहते. तेच झाड जमिनीत लावले तर ते मोठे होऊ लागते. किल्ल्यांच्या तटांत, जुन्या देवळांच्या शिखरांवर आणि घरांच्या भिंतींच्या भेगांत रुजलेले वड-पिंपळ वर्षानुवर्षे हात-दोन हात उंचीचे राहतात, परंतु ते निरोगी असतात, कारण त्यांना ऊन मिळते. म्हणजेच झाडाला खुजेपणा मारीत नाही, अंधार मारतो. छळाचा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो अंधाऱ्या कोपऱ्यावर घ्यावा लागेल.

झाडाची ओळख

कोणताही उपाय करण्यापूर्वी झाड कोणते आहे हे जाणून घेणे आवश्यक असते. जुनिपर, पाइन, मेपल यांसारखी समशीतोष्ण प्रदेशातील झाडे हिवाळ्यातील थंडीत विश्रांती घेतात. ही विश्रांती न मिळाल्यास ती हळूहळू क्षीण होतात. जुनिपरच्या बाबतीत फसगत अधिक होते, कारण झाड मेल्यानंतरही त्याची पाने कित्येक आठवडे हिरवी दिसतात. मालकाला तपकिरी रंग दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अशी झाडे घरात ठेवू नयेत हेच त्यांच्याबाबतचे खरे उत्तर आहे.

याउलट वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक ही फायकस प्रजातीतील झाडे उष्ण प्रदेशातील असल्याने त्यांना थंडीच्या विश्रांतीची गरज नसते. तुटलेल्या फांदीतून पुन्हा फुटण्याची व खोडापासून मुळे काढण्याची त्यांची क्षमता मोठी असते. रोपवाटिकांत 'गिनसेंग फायकस' या नावाने विकले जाणारे फुगीर मुळांचे झाड हे नांद्रुकच, म्हणजे 'फायकस मायक्रोकार्पा' असते. पुष्कळदा त्यावर लहान पानांच्या वाणाचे कलम केलेले असते. कलमाच्या खालून मोठ्या पानांचा फुटवा येऊ लागल्यास तो रोग नसून मूळ झाडाची वाढ आहे, हे लक्षात घ्यावे. पुढील विवेचन मुख्यतः याच झाडांना लागू पडते.

झाड जिवंत आहे किंवा नाही

पाने गळाली म्हणजे झाड मेले असे नाही. तपासणीची पद्धत सोपी आहे. एखाद्या बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आतील थर हिरवा व ओलसर असेल तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी व कोरडा असेल तर तो भाग मृत आहे. फायकसच्या झाडात खरवडल्यावर पांढरा चीक आल्यास तेही जिवंतपणाचे लक्षण होय. ही तपासणी शेंड्याकडून खोडाकडे करीत यावे. शेंडे सुकलेले, परंतु मधल्या फांद्या हिरव्या असणे ही सर्वसामान्य अवस्था असून तीतून झाड सावरू शकते. खोडाच्या तळापर्यंत सर्वत्र साल तपकिरी व कोरडी आढळली तर मात्र प्रयत्न व्यर्थ असतात.

ऱ्हासाची कारणे

१) प्रकाशाची कमतरता : भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. ढगाळ दिवशीही मोकळ्या जागी ती कित्येक हजार लक्स असते. खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात मात्र ती बहुधा १०० ते ५०० लक्स एवढीच भरते. माणसाच्या डोळ्याची बाहुली प्रकाशानुसार लहानमोठी होत असल्याने आपल्याला तो कोपरा पुरेसा उजळ वाटतो. झाडाकडे अशी सोय नाही. प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारी साखर श्वसनात खर्च होणाऱ्या साखरेपेक्षा कमी पडू लागली की झाड साठविलेल्या पिष्टमय पदार्थांवर जगू लागते. हा साठा काही आठवडे ते काही महिने पुरतो. म्हणूनच नवे आणलेले झाड सुरुवातीला उत्तम दिसते आणि नंतर कोणतेही नवे कारण न घडता खालावते. लांबट व अशक्त फुटवे, दोन पानांमधील वाढलेले अंतर, पातळ व मोठी पाने आणि खिडकीकडे झुकलेली वाढ ही या उपासमारीची चिन्हे आहेत.

२) अतिरिक्त पाणी : मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. मातीतील सर्व पोकळ्या दीर्घकाळ पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात आणि 'पिथियम', 'फायटोफ्थोरा' यांसारखे बुरशीसदृश सूक्ष्मजीव त्यांवर वाढतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे माती ओली असूनही पाने मलूल होतात. ही लक्षणे पाण्याच्या कमतरतेसारखीच दिसत असल्याने मालक आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळेही नष्ट होतात. घरातील बोन्सायचा मृत्यू अनेकदा याच मायेपोटी ओढवतो.

उथळ पात्रामुळे ही अडचण वाढते. कोणत्याही कुंडीत निचरा झाल्यावरही केशाकर्षणामुळे तळाशी पाण्याने भरलेला एक थर टिकून राहतो. या थराची जाडी मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. भिजलेला स्पंज आडवा धरल्यास पाणी धरून ठेवतो आणि उभा केल्यावर त्यातून पुन्हा पाणी गळते, हा त्याच तत्त्वाचा अनुभव होय. एकच माती उंच कुंडीत भरली तर ओला थर मुळांच्या थोड्याच भागाला वेढतो. उथळ ट्रेमध्ये तोच थर मुळांचा बहुतांश भाग व्यापतो. तळाशी खडे घातल्याने निचरा वाढतो हा समजही चुकीचा आहे, कारण त्यामुळे ओला थर केवळ वर सरकतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे जाड कणांची माती.

३) पाण्याची कमतरता : कोकोपीट किंवा चिकणमाती पूर्ण कोरडी झाली की तिच्यात पाणी सहज मुरत नाही. ते कडेने वाहून छिद्रातून बाहेर पडते व मुळांचा गोळा आतून कोरडाच राहतो. भेटवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या काही झाडांच्या मातीवर खडे डिंकाने चिकटविलेले असतात. त्यांमुळे पाणी आत जात नाही आणि मातीची स्थितीही दिसत नाही. असे खडे प्रथम काढून टाकावेत.

४) अन्य कारणे : वातानुकूलन यंत्राचा थेट झोत, विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांचा साठा, तळाला छिद्र नसलेले शोभेचे पात्र, वारंवार जागा बदलणे आणि कीड या कारणांचाही यात वाटा असतो. कुंडीच्या कडेला आलेला पांढरा थर क्षारसंचयाचा निदर्शक असतो.

निदान

वरील कारणांतील भेद ओळखण्यासाठी बांबूची बारीक काडी मातीत तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. काडी ओली, काळपट आणि कुबट वासाची असेल तर मुळे कुजत असण्याची शक्यता अधिक असते. काडी कोरडी निघाल्यास पाण्याची कमतरता समजावी. संशय कायम राहिल्यास झाड हलकेच पात्रातून उचलून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी व टणक असतात. कुजलेली मुळे काळी व मऊ असतात आणि ओढल्यास त्यांची साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरतो.

पुनरुज्जीवनाचे टप्पे

पहिला टप्पा : प्रकाश. झाड खिडकीच्या अगदी जवळ, शक्य असल्यास सज्जात किंवा गच्चीवर न्यावे. पूर्वेकडील सकाळचे ऊन सर्वांत उपयुक्त ठरते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे हिवाळ्यात ऊन देणारी दक्षिणेची खिडकी या काळात दुपारीही उन्हाविना राहते. पश्चिमेकडील एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे ऊन लहान पात्रातील मुळे तापविते, म्हणून ते टाळावे. अंधारात वाढलेली पाने तीव्र उन्हाने करपतात. यास्तव प्रथम उजेडाची सावली, मग तासभर कोवळे ऊन, अशा रीतीने दोन-तीन आठवड्यांत झाडाला सवय लावावी. या काळात काही जुनी पाने पिवळी पडून गळतात. हे अपयश समजून झाड पुन्हा आत नेऊ नये, कारण कमी प्रकाशात तयार झालेली पाने टाकून झाड नव्या प्रकाशास अनुरूप पाने काढीत असते. ऊन मिळणे अशक्यच असेल तर झाडाजवळ एलईडी दिवा लावून दिवसाला १२ ते १४ तास प्रकाश द्यावा.

दुसरा टप्पा : पाणी. ठरावीक वेळापत्रकाने पाणी घालण्याची सवय सोडावी. मातीचा वरचा सुमारे एक सेंटिमीटरचा थर कोरडा वाटल्यावरच पाणी घालावे आणि घालताना ते तळाच्या छिद्रातून बाहेर पडेपर्यंत बारीक धारेच्या झारीने भरपूर घालावे. रोज घोटभर पाणी शिंपडल्याने वरचा थर ओला राहतो व आतील मुळे कोरडी पडतात. पूर्ण कोरडा झालेला मातीचा गोळा पात्रासह पाण्यात ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत भिजू द्यावा व नंतर पूर्ण निथळू द्यावा. पावसाचे पाणी उपलब्ध असल्यास ते उत्तम, कारण त्याने साठलेले क्षारही धुऊन जातात.

तिसरा टप्पा : मुळे व माती. मुळे निरोगी असल्यास त्यांना हात लावू नये. मूळकूज आढळल्यास मात्र हंगामाची वाट पाहता येत नाही. कुजलेला भाग निर्जंतुक कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावा, जुनी चिकट माती काढावी आणि झाड जाड कणांच्या मिश्रणात लावावे. जपानमध्ये यासाठी 'अकादामा' ही भाजल्यासारखी कणीदार माती वापरतात. आपल्याकडे तीन-चार मिलिमीटर आकाराचे विटांचे तुकडे, धुतलेली जाड वाळू व थोडे चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे मिश्रण चांगले काम देते. सर्व घटकांतील बारीक चूर्ण चाळून टाकणे सर्वांत महत्त्वाचे असते. दख्खनची काळी माती ओली असता फुगते व कोरडी असता भेगाळते, म्हणून ती या कामास अयोग्य आहे. अशक्त झाड काही काळ छिद्र असलेल्या साध्या, खोल मातीच्या कुंडीत ठेवणेही हितावह असते. शोभेचे उथळ पात्र नंतर देता येते. आणीबाणी नसेल तर पुनर्लागवड उष्ण व दमट हवेत, म्हणजे जून-जुलैमध्ये करावी.

मुळे कमी झाल्यावर बाष्पोत्सर्जन मर्यादित करणे आवश्यक असते. त्यासाठी झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घालून ते उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावे आणि रोज थोडा वेळ पिशवी उघडावी. निरोगी हिरवी पाने कापू नयेत. वाढत्या शेंड्यांत तयार होणारे 'ऑक्झिन' हे संप्रेरक नवी मुळे फुटण्यास साहाय्य करते.

चौथा टप्पा : कीड. अशक्त झाडावर पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी यांचा प्रादुर्भाव लवकर होतो. पानांवरील चिकटपणा, मुंग्यांची ये-जा आणि काळी बुरशी ही पिठ्या ढेकूण व खवले किडीची खूण आहे, तर बारीक जाळी व पानांवरील फिकट ठिपके ही कोळ्यांची. थोडी कीड स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढता येते. जास्त असल्यास एक लीटर पाण्यात ५ मिलिलीटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारावे व आठवड्याने पुन्हा फवारावे.

पाचवा टप्पा : खत. आजारी झाडाला खत देणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. खत हे झाडाचे अन्न नव्हे. झाडाचे अन्न पानांत प्रकाशाच्या साहाय्याने तयार होते आणि खतातून केवळ खनिजे मिळतात. जखमी मुळांभोवती खताचे क्षार वाढले की परासरणामुळे पाणी आत जाण्याऐवजी बाहेर खेचले जाते. नवी पाने पूर्ण वाढून गडद होईपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर शिफारशीच्या निम्म्याहून कमी मात्रेत सुरुवात करावी.

सहावा टप्पा : आकार. छाटणी, तार बांधणे आणि फांद्या वळविणे ही कामे सर्वांत शेवटी येतात. जुनी तार सालीत रुतत असेल तर ती उलगडून न काढता तुकडे करून काढावी. अन्यथा किमान एक पूर्ण वाढीचा हंगाम झाडाला मुक्तपणे वाढू द्यावे. तो काळ झाड बेढब दिसते, परंतु प्रत्येक नवे पान हे गमावलेल्या साठ्याची भरपाई करीत असते.

पहिल्या पालवीचा धोका

उबदार हवेत साधारणतः तीन ते सहा आठवड्यांत खोडावर किंवा जुन्या फांद्यांवर नवे कोंब दिसू लागतात. याच वेळी सर्वाधिक संयमाची गरज असते. पहिली पालवी झाडाच्या शिल्लक साठ्यातून फुटलेली असते. ती पाने पूर्ण वाढेपर्यंत झाडाला काही देत नाहीत, उलट घेतच असतात. त्यामुळे पालवी फुटताना झाडाची खरी शक्ती सर्वांत कमी असते. झाड बरे झाले असे समजून या टप्प्यावर छाटणी केली, खत दिले किंवा ते पुन्हा दिवाणखान्यात नेले, तर दुसऱ्यांदा पालवी फोडण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. पहिली पाने गडद व जाड होऊन त्यांमागून दुसरी पालवी आली म्हणजेच झाड सावरले असे समजावे. पूर्वीची भरदार स्थिती येण्यास एक ते दोन वर्षे लागू शकतात.

निष्कर्ष

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय बोन्साय व पेन्जिंग संग्रहालयात १६२५ पासून जोपासलेला एक जपानी पाइन आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा हा वृक्ष केंद्रस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवरील यामाकी कुटुंबाच्या आवारात भिंतीच्या आडोशाला होता आणि वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेस भेट दिला. त्याचा हा इतिहास तेथे २००१ मध्ये कुटुंबातील नातवांच्या भेटीनंतर उलगडला. इतका दणकट वृक्षप्रकार घराच्या कोपऱ्यात काही महिन्यांत मरतो, तेव्हा दोष त्याच्या नाजूकपणाचा नसून जागेचा असतो.

यावरून पुढील निष्कर्ष निघतात. घरातील बोन्सायच्या ऱ्हासाचे मूळ कारण बहुधा प्रकाशाची उपासमार हे असते आणि अवेळी पाणी, खत व छाटणी यांमुळे ती प्राणघातक ठरते. उपायांचा क्रम हा उपायांइतकाच महत्त्वाचा आहे. निदान झाल्याशिवाय पाणी वाढविणे किंवा खत देणे टाळावे. ज्या घरात उन्हाचा एकही तास मिळत नाही व दिव्याची सोयही होऊ शकत नाही, तेथे झाड सज्जा किंवा गच्ची असलेल्या आप्तेष्टांकडे सोपविणे हाच त्यावरील खरा उपचार ठरतो. बोन्साय त्याच्या मालकापेक्षा अधिक जगू शकते. एका पिढीने ते राखायचे व पुढील पिढीच्या हाती द्यायचे असते. त्यामुळे ते दिवाणखान्यात कसे दिसते यापेक्षा पुढील वर्षी ते कसे असेल, हा प्रश्न त्याची काळजी घेणाऱ्याने प्रथम विचारावयास हवा.